गरोदरपणात प्लास्टिकमधील रसायने आणि बाळाची हाडे: काळजी नेमकी कशाची करावी?

प्रश्न : घोडबंदर_ते_ऐरोली

नमस्कार. मला चौथा महिना लागला आहे आणि हे पहिलेच बाळंतपण आहे. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत वर्षातील बरेच महिने टँकरचे पाणी येते, त्यामुळे पिण्यासाठी आम्ही वीस लिटरचे जार घेतो. ऑफिस ऐरोलीला आहे. दुपारचा डबा प्लास्टिकचा असतो आणि तो तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ला जातो. संध्याकाळचा चहा कागदी कपातून होतो, आणि शनिवार-रविवारी बाहेरून काही मागवले तर रस्सा, सांबार, मिसळीचा कट हे सगळे पातळ पिशवीत बांधूनच घरी येते.

अलीकडे एका लेखात वाचले की गर्भारपणात आईच्या शरीरात जाणारी बिस्फेनॉल आणि थॅलेट ही रसायने बाळापर्यंत पोहोचतात आणि पुढे त्या मुलाच्या हाडांची घनता कमी राहू शकते. वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. पिशवीतले दूधसुद्धा प्लास्टिकमधूनच येते म्हणून मी गेले काही दिवस दूध घेणे जवळपास थांबवले आहे. लघवीतील ही रसायने मोजून देणारी एक तपासणीही खासगी प्रयोगशाळेत होते असे समजले. ती करून घ्यावी का? आणि घरातील कोणत्या वस्तू खरोखर बदलण्याजोग्या आहेत? सासूबाईंचे म्हणणे आहे की सगळेच प्लास्टिक एकदम काढून टाकावे, यजमानांचे म्हणणे आहे की हा सगळा बाऊ आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : टीटीसी_जुना_कामगार

ताई, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात पीव्हीसीचे मिश्रण करणाऱ्या विभागात बरीच वर्षे काम केले आहे. हाडांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण कोणत्या प्लास्टिकमध्ये काय असते हे सांगू शकतो, कारण निम्मी भीती सगळ्या प्लास्टिकला एकाच मापाने मोजल्यामुळे निर्माण होते.

थॅलेट हे मुख्यतः पीव्हीसी मऊ करण्यासाठी घातले जातात. पीव्हीसी मुळात कडक असते. नळीसारखे, रेक्झिनसारखे किंवा चटईसारखे लवचीक हवे असेल तर त्यात तेलासारखा पातळ द्रव मिसळावा लागतो. कारखान्यात आम्ही त्याला डीओपी म्हणतो, शास्त्रीय लिखाणात तोच डीईएचपी म्हणून येतो. मऊ पीव्हीसीच्या वजनात त्याचा वाटा वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि मुख्य गोष्ट ही की तो प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्यात मुरलेला असतो. म्हणून उष्णता मिळाली किंवा तेल-तूप लागले की तो बाहेर येतो. स्वस्त रेक्झिनच्या नव्या वस्तूंना जो उग्र वास येतो, त्यातही अशा मिसळलेल्या द्रव्यांचा हात असतो.

बिस्फेनॉल ए म्हणजे बीपीए हे वेगळे प्रकरण आहे. त्यापासून पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक आणि टणक प्लास्टिक बनते, तसेच पत्र्याच्या हवाबंद डब्यांच्या आतील इपॉक्सीचा लेप बनतो. आपल्याकडे हवाबंद डब्यातील अन्न कमी खाल्ले जाते, पण डब्यातले रसगुल्ले आणि कॅनमधली शीतपेये असतातच. मॉलमधील किंवा एटीएमच्या गुळगुळीत कागदी पावत्यांवरही बीपीए किंवा त्याचा भाऊबंद बीपीएस भुकटीच्या रूपात असतो.

आता तुमच्या वस्तूंकडे येतो. दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची असते. तिला मऊ करण्यासाठी काहीही मिसळावे लागत नाही, ती जन्मतःच लवचीक असते. शिवाय दूध थंड असते आणि घरी आल्यावर आपण ते पातेल्यात ओततो. त्यासाठी दूध बंद करण्याचे काही कारण मला दिसत नाही. वीस लिटरचे जार मात्र तळाशी पाहा: त्रिकोणात 7 आकडा असेल आणि जार निळसर, कडक, खणखणीत असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा आहे, 1 असेल तर पेट (पीईटी) या प्लास्टिकचा. पॉलिकार्बोनेटचे जार वर्षानुवर्षे फिरतात, सोड्याच्या पाण्याने धुतले जातात, टेम्पोत उन्हात तापतात, आणि जुने, घासलेले, तापलेले जार नव्यापेक्षा जास्त बीपीए सोडतात. जेवणाच्या डब्यावर 5 असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा. त्यात ना बीपीए ना थॅलेट अशी सामान्य स्थिती असते, तरी रंग आणि इतर मिश्रणे असतात, म्हणून मायक्रोवेव्हसाठी काच बरी.

प्रतिसाद : नेरूळ_जीवरसायन

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे हाडांची बाजू मांडण्याचा प्रयत्न करतो. प्रतिसाद लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

या शंकेला जैविक आधार आहे, ती हवेतून आलेली नाही. हाड बांधणाऱ्या आणि हाड विरघळवणाऱ्या अशा दोन्ही पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या संदेशावर चालतात, आणि बीपीए हे दुबळे का होईना पण इस्ट्रोजेनसारखे वागते. हे 1930 च्या दशकातच नोंदले गेले होते. थॅलेटची काही चयापचयी रूपे पेशींतील पीपार-गॅमा नावाच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, जागे करतात. अस्थिमज्जेतील मूळ पेशीपुढे चरबीची पेशी व्हावे की हाड बांधणारी, असे दोन मार्ग असतात, आणि हा ग्राही तिला चरबीच्या बाजूला ढकलतो. याखेरीज अमेरिकेतील गरोदर स्त्रियांच्या एका पाहणीत, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, काही थॅलेट आणि बीपीए यांचे प्रमाण अधिक असलेल्यांत ड जीवनसत्त्वाची पातळी कमी असण्याचा कल दिसला. उंदरांना गर्भकाळात बीपीए दिल्यावर पिल्लांच्या मांडीच्या हाडाच्या लांबीत व मजबुतीत मोठेपणी फरक आढळले आहेत, आणि ते नर व मादी यांत वेगवेगळे होते.

तथापि उंदरांतील निष्कर्ष माणसाच्या बाळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि माणसांतील पुरावा अजून तोकडा आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात 2002 ते 2006 या काळात जन्मलेल्या मुलांचा ‘जनरेशन आर’ हा मोठा अभ्यास आहे. त्यात आयांच्या गरोदरपणातील लघवीत बिस्फेनॉल आणि थॅलेट मोजले गेले आणि त्याच मुलांची हाडे सहाव्या व दहाव्या वर्षी डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राने तपासली गेली. जे संबंध आढळले ते आकाराने लहान होते, आणि सर्व रसायनांत किंवा सर्व तिमाहींत ते सारखे नव्हते. अशा फरकावरून एखाद्या विशिष्ट मुलाचे हाड ठिसूळ होईल असे म्हणता येत नाही. फार तर हजारो मुलांच्या सरासरीत किंचित सरक दिसते एवढेच म्हणता येते.

मोजण्याची अडचण मुळातच मोठी आहे. बीपीए आणि थॅलेट ही शरीरात साठून राहणारी द्रव्ये नव्हेत. काही तासांत त्यांचे विघटन होते आणि एक-दोन दिवसांत ती लघवीवाटे निघून जातात. म्हणजे सकाळी दिलेल्या नमुन्यात आदल्या रात्रीच्या जेवणाचा हिशोब असतो, नऊ महिन्यांचा नव्हे. संशोधक शेकडो स्त्रियांचे, प्रत्येकीचे दोन-तीन वेळचे नमुने घेऊन सरासरी काढतात, तेव्हा त्याला काही अर्थ येतो. तुम्ही एकदा पैसे भरून केलेल्या तपासणीत जो आकडा येईल तो उद्या वेगळा असेल, आणि तो कमी असो वा जास्त, कोणताही डॉक्टर त्यावरून उपचार बदलणार नाही. ते पैसे ड जीवनसत्त्वाच्या तपासणीला लावावेत की कसे, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

मला खरे सांगायचे आहे ते पुढे आहे. बाळाच्या हाडांविषयी प्लास्टिकपेक्षा कितीतरी ठोस पुरावा आपल्या घराजवळ, पुण्यात मिळालेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आहार नोंदवला आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांनी गरोदरपणात दूध-दुभते, डाळी, पालेभाज्या, फळे, मांसाहार असे कॅल्शियम देणारे पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते आणि ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व चांगले होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत सहाव्या वर्षी खनिजे अधिक होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथून चालवलेल्या एका चाचणीत गरोदर स्त्रियांच्या दोन गटांपैकी एका गटाला रोज 1000 एकक ड जीवनसत्त्व दिले गेले. जन्माच्या वेळी दोन गटांतील बाळांत एकूण फरक दिसला नाही, पण चौथ्या वर्षी ते घेतलेल्या आयांच्या मुलांच्या हाडांची घनता किंचित अधिक निघाली. ड जीवनसत्त्वावरील सगळे अभ्यास याच बाजूचे नाहीत, ब्रिस्टलकडील एका फार मोठ्या पाहणीत आईच्या पातळीचा आणि मुलाच्या हाडांचा संबंध आढळला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही चाचणी म्हणजे प्रत्यक्ष देऊन पाहिलेली गोष्ट आहे, आणि थॅलेटबाबत तसा पुरावा माणसांत असूच शकत नाही, कारण ते मुद्दाम कोणी कोणाला देणार नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सांगाड्यात जन्मतः सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील जवळजवळ ऐंशी टक्के शेवटच्या तिमाहीत आईकडून जाते. तुमची ती तिमाही अजून पुढे आहे. अशा वेळी दुधाच्या पिशवीच्या भीतीने दूधच सोडणे म्हणजे, ज्या हाडांसाठी ही सगळी काळजी चालली आहे त्यांच्याच तोंडचा घास काढणे होय. यजमानांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही, पण दुधाच्या बाबतीत तुमचा निर्णय चुकीचा आहे, हे स्पष्टच सांगतो.

प्रतिसाद : कळवा_खाडीकाठ

मी यजमानांच्या बाजूचा. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने 2023 साली बीपीएची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 4 मायक्रोग्रॅमवरून एकदम 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पट खाली. त्याच वर्षी जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने ती मान्य न करता 200 नॅनोग्रॅम ही मर्यादा योग्य ठरवली. तज्ज्ञांमध्येच हजारपट मतभेद असतील तर सामान्य गरोदर बाईने रोज डबे उलटून आकडे का वाचावेत? आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेटला भारतीय मानकाने 2015 साली मनाई केली, ते योग्यच झाले. त्यापुढचे सगळे मला बाजारपेठ वाटते. ‘बीपीए-मुक्त’ अशी चिठ्ठी लावून तीच बाटली दुप्पट किमतीला विकली जाते.

प्रतिसाद : नेरूळ_जीवरसायन

मतभेदाची नोंद योग्य आहे, परंतु जर्मन संस्थेचा आकडासुद्धा जुन्या मर्यादेच्या वीसपट खाली आहे, हे त्यात सुटून जाते. म्हणजे मर्यादा कमी व्हायला हवी यावर दोघांचे एकमत होते. वाद किती कमी यावर होता. आणि युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरण्यावर बंदी घातली, ती संक्रमणकाळासह 20 जानेवारी 2025 पासून लागू झाली आहे. चिठ्ठीबाबत मात्र सहमत. बीपीए काढून अनेकदा बीपीएस घातले गेले, आणि त्याचे वर्तन फारसे निराळे नाही. दुप्पट किमतीच्या बाटलीपेक्षा स्टीलचा तांब्या केव्हाही बरा.

प्रतिसाद : पाचपाखाडी_स्वयंपाकघर

वरील विद्वानांच्या चर्चेत मी फक्त घरातले सांगते. घरात नुकतेच सुनेचे बाळंतपण झाले आहे, त्यामुळे हे सगळे विचार आमच्याकडे होऊन गेले आहेत.

सगळे प्लास्टिक एकदम काढू नका. डाळ-तांदळाच्या कोरड्या बरण्या, फ्रीजमधील भाजीचे डबे, बादल्या, यांच्यामागे लागून थकवा येईल आणि हाती काही लागणार नाही. गरम आणि तेलकट पदार्थ जिथे प्लास्टिकला लागतो तेवढ्याच जागा आधी पाहा. तुमच्या यादीत त्या तीन आहेत. मायक्रोवेव्हचा डबा काचेचा घ्या, किंवा डबा स्टीलचाच नेऊन ऑफिसमधील एखादी चिनी मातीची बशी वापरून तीत गरम करा. बाहेरून काही आणायचे तर घरून पातेले किंवा स्टीलचा डबा घेऊन जा. जांभळी नाक्याकडचे जुने दुकानदार अजूनही विनातक्रार भरून देतात, आणि मिसळीचा उकळता कट तर्रीसकट पातळ पिशवीत ओतला जातो तो प्रकार, आपल्याला सवय झाली आहे म्हणून, चमत्कारिक वाटत नाही एवढेच. पातळ पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे त्या पिशव्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. कागदी कपाच्या आतही प्लास्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा ऑफिसात स्वतःचा स्टीलचा पेला ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी गाळून, उकळून, स्टीलच्या पिंपात किंवा माठात भरून ठेवण्याची जुनी पद्धत टँकरच्या पाण्यालाही चालते का, हे पाण्याच्या क्षारांवर अवलंबून आहे. क्षार उकळून जात नाहीत. सोसायटीने पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर तो कागद मागून पाहा.

हे झाले काढून टाकण्याचे. त्याहून जास्त लक्ष भर घालण्याकडे द्या. गरोदरपणात रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मार्गदर्शन आहे. अर्धा लिटर दुधातून, किंवा तेवढ्याच दुधाच्या दह्यातून, त्यातले निम्म्याहून अधिक मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, तेव्हा सकाळची आंबील किंवा रात्रीची एक भाकरी धरा. तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी, डाळी चालू ठेवा. पालकावर कॅल्शियमसाठी विसंबू नका, त्यातले ऑक्झलेट ते अंगी लागू देत नाही. मासे खात असाल तर काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे उत्तम. सुका जवळा कॅल्शियमला चांगला, पण त्यात मीठ फार, म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, दिवसातून दोन, प्रत्येकी 500 मिलिग्रॅमच्या, त्यात ड जीवनसत्त्वही असते, आणि बाळंतपणानंतर सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. खासगी डॉक्टरही साधारण तसेच लिहून देतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात, आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नयेत. दोहोंमध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. आमच्या सुनेने दोन्ही गोळ्या रात्री एकदम घेण्याचा सोपा मार्ग काढला होता. डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी विचारले म्हणून ते कळले.

उन्हाचेही सांगते. उंच इमारतीत बंद काचेमागे बसून ऊन मिळत नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर सकाळी अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा. कोवळे ऊन सुखद असते, पण या कामाला ते फारसे उपयोगी नाही.

घोडबंदर_ते_ऐरोली

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी दूध पुन्हा सुरू केले आणि जार उलटून पाहिला. आकडा 7 आहे. यजमान सोसायटीच्या कार्यालयातून पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणणार आहेत. एक शंका राहिली. टँकरचे पाणी जाड पाइपने टाकीत सोडतात, पुढे ते पीव्हीसीच्या नळांतून घरात येते, आणि गच्चीवरील टाक्याही प्लास्टिकच्याच आहेत. मग जार बंद करून नळाचे पाणी शुद्ध करून प्यायले तरी थॅलेट येणारच ना?

प्रतिसाद : टीटीसी_जुना_कामगार

नाही, तशी धास्ती नको. इमारतीतील पाण्याचे नळ कडक पीव्हीसीचे किंवा सीपीव्हीसीचे असतात. त्यांत डीओपी घालतच नाहीत, घातले तर नळ दाबाखाली टिकणार नाहीत. गच्चीवरील काळ्या किंवा पांढऱ्या टाक्या पॉलिइथिलीनच्या, दुधाच्या पिशवीच्या जातीच्या, फक्त जाड. टँकरचा वाकणारा पाइप मऊ पीव्हीसीचा असू शकतो, पण पाणी त्यातून काही क्षणांत निघून जाते, आणि थॅलेट पाण्यात फार थोडे विरघळतात. त्यांना तेल लागते. टँकरच्या पाण्यात मला भीती वाटते ती जंतूंची आणि क्षारांची, आणि गरोदर बाईला पोटाचा त्रास होणे ही या सगळ्या चर्चेतील सर्वांत जवळची जोखीम आहे.

अहवालात एकूण विरघळलेले क्षार किती आहेत ते पाहा. ते लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरज नाही. गाळून, उकळून घेतलेले पाणी पुरते. आरओ लावलाच तर एक लक्षात ठेवा: तो पाण्यातील कॅल्शियमही काढून टाकतो. आणि जार बदलेपर्यंत आहे तोच जार खिडकीपासून दूर, सावलीत ठेवा आणि त्यात गरम पाणी भरू नका.